जांभळ्या पट्ट्यातलं बेथेल

"आरं, हाय मी अजून आत. मेलो न्हाई."

सकाळचे साडेपाच वाजले होते. बाथरूमच्या दाराआडून हे पुटपुटत होते, आणि कुणाशी म्हणाल तर दिव्याशी. आमच्या मुलानं, सार्थकनं, शिरूरला बंगला बांधला तेव्हा तळमजल्यावर 'आई-पप्पांची खोली' म्हणून एक खोली काढली. तिला लागून बाथरूम, धरायला स्टीलची दांडी, पाय घसरू नये म्हणून खडबडीत फरशी, आणि हा दिवा. माणूस आत गेला की आपोआप लागतो, माणूस हलायचा थांबला की आपोआप विझतो. आता त्या जागी माणूस काही कवायत करायला जात नाही. म्हणून रोज माझा नवरा अंधारात बसून दोन्ही हात हलवत असतो, लांबून एसटी दिसल्यावर करावेत तसे.

"हळू बोला," मी दाराला तोंड लावून म्हटलं. "वैष्णवी झोपलीय."

"मंग दिव्याला सांग की हळू."

वैष्णवी आमची सून. पुण्यातल्या एका कंपनीचं काम ती घरूनच करते, पण तिचे साहेब अमेरिकेतले. त्यांचा दिवस उजाडतो तेव्हा आपली संध्याकाळ मावळलेली असते. बिचारी दोन-अडीचला पाठ टेकते ती नऊला उठते. तोवर आम्ही दोघं चपला हातात घेऊन चालतो. चहाचं पातेलं ओट्यावर ठेवायचं तर खाली फडकं. हे खोकला आला की उशीत तोंड घालतात. कुणी सांगितलेलं नाही. तिनं तर नाहीच नाही. पण झोपलेल्या माणसाचा मान ठेवायची आम्हाला इतक्या वर्षांची सवय, की आता सुटायची नाही.

ह्यांची एकतीस वर्षं कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत गेली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी, आठवडा संपला की पुढची. ह्यांचं गाव न्हावरे, पण हा सगळा काळ आम्ही दौंडला 'बेथेल'मध्ये भाड्यानं काढला. बेथेल म्हणजे तीन मजल्यांची, सहा घरांची बिल्डिंग. रेल्वेत गार्ड असलेल्या गिदोन साळवेकाकांनी अठ्ठ्याऐंशी साली ती बांधली. तेव्हा ती जागा ग्रामपंचायतीत होती आणि परवानगी म्हणजे सरपंचाची सही आणि दोन कप चहा. तळमजल्यावर एका बाजूला काका आणि राहेलकाकू राहायचे. उरलेल्या पाच घरांत भाडेकरू, आणि पाचही घरांतून एक-एक माणूस कुरकुंभला कामाला.

जिन्याच्या तोंडाशी एक फळा होता. कुठल्याशा शाळेनं मोडीत काढलेला काकांनी आणून टांगला होता. त्यावर सगळ्यांची नावं आणि नावापुढं पाळी: पहिली, दुसरी, रात. माझं अक्षर बरं, म्हणून दर रविवारी फळा लिहायचं काम माझ्याकडं. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं शिकले ते किराणाच्या पुड्यांवर आणि त्या फळ्यावर.

ज्याच्या नावापुढं 'रात', त्याच्या डोक्यावरच्या घरात दुपारी दोनपर्यंत पाटा-वरवंटा बंद. मिक्सर लावायचा तर गच्चीवर. तिथं काकांनी खास एक प्लग काढून दिला होता, आणि त्या प्लगपाशी शेंगदाण्याचं कूट करायला आम्ही बायका रांग लावायचो. कुकरची शिट्टी व्हायला आली की चमचा घेऊन उभं राहायचं, शिट्टी अलगद उचलायची आणि वाफ हळूहळू सोडायची. पोरं अंगणात क्रिकेट खेळायची तीही मुक्यानं. कुणी आउट झालं की ओरडायचं नाही, दोन्ही हात वर करून नुसता आ वासायचा. येणारा-जाणारा बघत उभा राहायचा.

आणि रविवारी मी फळा पुसायचे. गेल्या आठवड्यात ज्यांच्यासाठी आम्ही गप्प बसलो, ते ह्या आठवड्यात आमच्यासाठी गप्प बसायचे. शिवाय त्या बिल्डिंगीत चोवीस तासांत कुणी ना कुणी जागं असायचंच. सार्थक लहान असताना एकदा तापानं फणफणला, हे रातपाळीला. मी घाबरून जिन्यात आले तर वरच्या मजल्यावरचे तात्याबा पायरीवर बसून तंबाखू मळत होते. दुसरी पाळी करून आलेले, झोप लागत नव्हती. "काय गं, पोराचं अंग तापलं व्हय?" एवढंच म्हणाले आणि सायकल काढून डॉक्टरला उठवायला गेले.

हे निवृत्त झाले त्याच वर्षी सार्थकचं लग्न झालं आणि बंगलाही पुरा झाला. तो टेम्पो घेऊन आला. आमचा पलंग त्यानं टेम्पोत चढवूच दिला नाही. "तिकडं सगळं नवीन आहे आई," म्हणाला. खरंच सगळं नवीन होतं. पण इथं शिरूरला पाळी बदलत नाही. रोज आमचीच असते. आणि पहाटे साडेतीनला ह्यांचे डोळे उघडतात तेव्हा त्या एवढ्या मोठ्या घरात ह्यांच्याशी बोलायला कोण असतं, तर तो दिवा.

*

नाताळच्या फराळाला आम्ही दरवर्षी साळव्यांकडं जातो. गेल्या नाताळलाही गेलो. शिरूरहून न्हावरे, तिथून चौफुला, पुढं दौंड. दोन एसट्या बदलून पोचलो तोवर राहेलकाकूंच्या करंज्या गार झाल्या होत्या.

"सविता, बेथेल विकायचं ठरवलंय," काका म्हणाले.

काका आता चौऱ्याऐंशीचे. त्यांची लेक कृपा अहिल्यानगरला नर्स आहे. तिनं दोघांना कायमचं बोलावलं होतं. काकांचा चेहरा उतरलेला होता, पण राहेलकाकूंचा नाही.

"मला तर कधी एकदा जातेय असं झालंय," त्या म्हणाल्या. "आता लेकीच्या हातचं आयतं खाणार. तिच्या घरी कुकरच्या पाच-पाच शिट्ट्या होतात. मोजत बसणार मी!"

"कोण घेतंय?" ह्यांनी विचारलं. आवाज जरा जास्तच साधा ठेवला होता.

काकांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "आधी हे वाच, मग चहा. येईल त्या गिऱ्हाइकाला मी आधी हेच दाखवतो. म्हणून तर दोघं पळाले."

झोनचा दाखला होता. गावाचा नवा विकास आराखडा झाला, त्यात प्रत्येक भागाला रंग दिलेत. पिवळा रंग म्हणजे राहण्यासाठी, जांभळा म्हणजे कारखाने आणि गोदामांसाठी. बेथेलच्या पुढच्या-मागच्या पट्ट्यात गेल्या दहा वर्षांत गोदामंच झालीत, त्यामुळं आराखड्यात तो सगळा पट्टा जांभळा झाला आणि मधोमध सहा घरांचं बेथेल. आहे ते राहील, त्यात राहताही येईल, डागडुजीही करता येईल. पण मजला वाढवायचा नाही, खोली काढायची नाही. आणि कधी पाडलं किंवा पडलं, तर त्या जागी परत घर बांधता येणार नाही. गोदाम बांधा.

"तिसरा एक कांद्याचा व्यापारी आलाय," काका म्हणाले. "त्याला गोदामच हवंय. घेतल्यावर महिन्याभरात पाडतो म्हणाला, अगदी हसत-हसत. मला पाडणाऱ्याच्या हातात द्यायचं नाही. पण पावसाळ्याच्या आत निघायचं, असं कृपा म्हणतेय. दुसरं कुणी आलं नाही तर मी तरी काय करू?"

वरून तात्याबा खाली आले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली, आता एकटेच राहतात. ते ह्यांच्या शेजारी बसले आणि दोघं कंपनीतल्या कुठल्याशा जुन्या टाकीविषयी तासभर बोलले. त्या तासात माझा नवरा जितकं बोलला तितकं शिरूरला वर्षभरात बोलला नव्हता.

परतीच्या एसटीत पारगावचा पूल ओलांडेपर्यंत हे तिकिटाच्या घड्या घालत होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपुन घिऊ."

"काय?"

"बेथेल. गुंतवणूक म्हणून."

गुंतवणूक हा शब्द ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. दाताखाली खडा यावा तसा तो आला. पण मी हसले नाही.

"हो," मी म्हटलं. "गुंतवणूक म्हणून चांगलीच आहे."

आणि मग न्हावरे येईपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेर ऊस बघत बसलो, जन्मात कधी ऊस न बघितल्यासारखे.

कुणी म्हणेल, जायचंच होतं तर भाड्यानं जायचं. मुलाचा बंगला असताना आई-बाप भाड्याच्या खोलीत राहायला गेले, तर शिरूरमध्ये मुलाला मान वर करून चालता येणार नाही, आणि सुनेविषयी तर बायका माझ्याच तोंडावर विचारतील. विकत घेतलं की मात्र ती मालमत्ता. मालमत्तेकडं लक्ष द्यायला माणूस चार दिवस जाऊन राहतो. चाराचे आठ होतात. कुणाच्या लक्षातही येत नाही. असा हिशेब मी पारगाव ते न्हावरे एवढ्या वेळात मनातल्या मनात जुळवला. कुणालाही न दुखवता घर सोडायचा रस्ता सापडला म्हणून मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

*

कागद मी दौंडच्या कचेरीत जाऊन स्वतः बघून आले. कचेरीतल्या बाईंनी मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि पेन्सिलीनं एक ठिपका दाखवला.

"ही तुमची बिल्डिंग. ताई, सगळे जांभळ्यातनं पिवळ्यात यायला बघतात. तुम्ही शिरूर सोडून जांभळ्यात येताय?"

"पिवळ्यात असती तर आम्हाला तिचा जिनासुद्धा परवडला नसता," मी म्हटलं. ते खरंच होतं. रंग बदलला म्हणूनच ती आमच्या आवाक्यात आली होती.

"आहे तोवर कुणी उठवणार नाही तुम्हाला," बाई म्हणाल्या. "पण भिंत सांभाळून ठोका."

नियमाचा तो परिच्छेद मी वहीत उतरवून घेतला. घरी येऊन चारदा वाचला. 'विद्यमान वापर पुढे चालू ठेवता येईल.' सरकारी मराठीतलं इतकं मायेचं वाक्य मी आजवर वाचलं नव्हतं.

अडचण एकच होती. बेथेलसाठी हे न्हावऱ्याच्या जमिनीतला आपला वाटा चुलतभावाला विकणार होते. जमीन वडिलोपार्जित, म्हणून वकिलानं सांगितलं की मुलाची संमतीची सही लागेल. सार्थकनं सही केली तर बेथेल आमचं, नाही केली तर कांदेवाल्याचं.

रविवारी जेवताना ह्यांनी विषय काढला. सार्थक रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिच्यातली खोट शोधायची, हे त्याचं काम आणि आता स्वभावही. दाखला वाचायला त्यानं घास खाली ठेवला.

"पप्पा, ही गुंतवणूक आहे? बँक ह्यावर कर्ज देणार नाही. उद्या विकायचं म्हटलं तर गोदामवाल्याशिवाय कुणी घेणार नाही."

"आपल्याला कुठं इकायचंय?"

"मग कशाला घ्यायचंय?"

"भाडं येतंय की."

"भाड्यातनं डागडुजी तरी निघेल का?"

माझा मुलगा हट्टी नाही. नाही म्हणून तो उठून गेला असता तर सोपं होतं. पुढच्याच रविवारी त्यानं एका इंजिनिअर मित्राला घेऊन बेथेल तपासून घेतलं. त्या मुलानं हातोडीनं खांब वाजवून बघितले, गच्चीवरचं पाणी कुठं मुरतं ते बघितलं आणि म्हणाला, "जुनं काम आहे, पण प्रामाणिक आहे. नीट ठेवलं तर अजून वीस-पंचवीस वर्षं काही होत नाही."

"मंग पुरे की," हे म्हणाले.

"कुणाला पुरे?" सार्थकनं विचारलं.

हे एकदम वरच्या टाकीकडं बघायला लागले.

येताना मित्राला सोडून सार्थकनं गाडी शिरूरच्या रस्त्याला घेतली. मग म्हणाला, "आई, तुला ती बिल्डिंग एवढी का आवडते, खरंच कळत नाही मला. माझं अख्खं लहानपण तिथं कुजबुजण्यात गेलं. दहावीचा निकाल लागला तेव्हा मी जिन्यात उभा राहून नुसते हात वर केले होते. आठवतंय? तात्याबांची रात होती."

आठवत होतं. एक्याऐंशी टक्के मिळाले होते, आणि तो दोन्ही हात वर करून, आ वासून, जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा होता. मला ते इतकं गोड वाटलं होतं की राहेलकाकूंना हाताला धरून बाहेर आणून मी दाखवलं होतं. त्या क्षणी त्याला ओरडायचं होतं, हे मला चौदा वर्षांनी कळत होतं.

"तेव्हाच ठरवलं होतं मी," तो म्हणाला, "की आपलं घर असं बांधायचं, जिथं कुणाला पाय वाजू न देता चालावं लागणार नाही. तुला आणि पप्पांना तर नाहीच."

मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर हे डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते. ह्यांची झोप मी ओळखते.

आता सांगा, ह्यावर आईनं काय बोलावं? तुझ्या घरात आम्ही चपला हातात घेऊन चालतो, असं सांगावं?

*

सांगायचं तर आधी वैष्णवीला, असं मी ठरवलं. बाईमाणसाला बाईमाणूस कळतं वगैरे मनाशी म्हणत एक दिवस तिच्या उठण्याची वाट बघत बसले. नऊला ती स्वयंपाकघरात आली, केस वर बांधलेले, डोळे अजून अर्धे मिटलेले.

"आई, तुम्ही चहा केलात कधी? मला कधीच काही ऐकू येत नाही."

"केला मगाशी."

"मी कानात बोळे घालून झोपते. तुम्ही खुशाल भांडी आपटा. खरंच."

"हो गं. आपटते की."

ती हसली. मग ओट्यावर पातेल्याखाली ठेवलेलं फडकं तिनं उचललं, दोन्ही हातांनी नीट चौघडी केली आणि परत तिथंच ठेवलं. माझ्याकडं बघून काहीतरी म्हणणार होती. मीही काहीतरी म्हणणार होते. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण पोरगी गुणी आहे हो. मला गोळी घेतली का विचारते, ह्यांना मोबाईलवर भजनं लावून देते. तिला मी काय सांगायचं? तुझं काही चुकलेलं नाही, पण आम्ही जातो? ज्याचं काही चुकत नाही त्याला सोडून जायला तोंडात शब्दच नसतात. भांडण असतं तर दोन वाक्यांत काम झालं असतं.

"पोहे करू का?" मी विचारलं.

"करा," ती म्हणाली.

*

इसाराचा दिवस रविवार ठरला. काकांना चर्चहून यायला अकरा वाजणार होते, म्हणून आम्ही साडेअकराला बेथेलमध्ये पोचलो. सार्थक गाडी चालवत होता. वैष्णवीनं त्या दिवशी झोप मोडून आमच्याबरोबर यायचा हट्ट धरला होता. ह्यांच्या पिशवीत दोन कागद होते, एक बेथेलची इसारपावती आणि दुसरं जमिनीचं संमतीपत्र. सार्थक सही करणार की नाही, हे त्यानं तोंडानं सांगितलं नव्हतं. नुसतं म्हणाला होता, "काकांना समोरासमोर दोन गोष्टी विचारतो, मग बघू."

टेबलाभोवती सगळे बसलो. तात्याबा दाराशी स्टूल घेऊन बसले, आपला संबंध नाही असं दाखवत, पण पंधरा मिनिटांपूर्वी दाढी केलेली कळत होती. नवा मालक पाडणारा असेल की राखणारा, ह्यावर त्यांचंही घर अवलंबून होतं.

"आधी प्रार्थना करू या," काका म्हणाले. साळव्यांकडं कुठल्याही कामाची सुरुवात अशीच होते, नळ दुरुस्त करायचा असला तरी. आम्ही सवयीनं माना खाली घातल्या.

काकांनी डोळे मिटले आणि ह्या इमारतीत राहून गेलेल्या एकेका घराचं नाव घेतलं. ज्यानं गच्चीवरची टाकी फुकट जोडून दिली तो म्हस्कू. राहू गावची धनश्री, जिची जुळी इथंच रांगली. कंपनीतल्या अपघातात बोटं गेली तरी दर दिवाळीला सगळ्यांचे आकाशकंदील बांधणारा म्हाळू. तात्याबांची बायको. मग "इंद्रजीत, सविता आणि त्यांचा सार्थक." जे गेले त्यांच्यासाठी, जे आहेत त्यांच्यासाठी, आणि इथून निघताना ज्यांचा पाय अडखळेल त्यांच्यासाठी. शेवटचं ते स्वतःसाठीच मागत होते. राहेलकाकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आमेन," काकू म्हणाल्या. तात्याबाही म्हणाले. ते माळकरी आहेत, पण बेथेलमध्ये सगळेच म्हणतात.

मी हळूच पाहिलं. सार्थकचे डोळे ओले होते. मला वाटलं, झालं. आता करतो सही.

त्यानं पेन उचललंही. मग पुन्हा दाखल्याकडं बघितलं.

"काका, शेवटचं विचारतो. उद्या काही झालं, इमारत पडली, तर?"

"तर परत घर होणार नाही. मी कुणापासून लपवलेलं नाही, बाळा."

"वर एक मजला?"

"नाही."

"विकायचं झालं तर?"

"पाडणाराच मिळेल."

"मग ह्यात आहे काय?" तो आमच्याकडं वळला. "पप्पा, तुम्ही सांगा. एक गोष्ट सांगा."

"गच्ची चांगली हाय," हे म्हणाले.

"पाणी गोड हाय," दारातून तात्याबा म्हणाले.

"स्टेशन जवळ आहे," मी म्हटलं.

"आणि डास आता पहिल्यासारखे राहिले नाहीत," राहेलकाकूंनी भर घातली. त्यांना वाटलं, माल खपवायला मदत करावी.

सार्थक एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. रांजणगावला कन्व्हेअरवरून येणारे भाग बघतो तसा. खोट कुठंतरी आहे हे त्याला कळत होतं, पण ती बिल्डिंगीत नाही, हे कळत नव्हतं. त्यानं पेन खाली ठेवलं.

"आई, आपल्या घरात काही कमी आहे का?"

"नाही रे. कमी काय असणार?"

"मग माझं काही चुकलं?"

"तुझं कसलं चुकतंय? उगं काहीतरी काय बोलतोस?"

"पप्पा?"

हे टेबलावरची करंजी मोडत होते. एवढे बारीक तुकडे केले होते की आता ती कुणाला खाता आली नसती. "झक्कास हाय समदं," ते म्हणाले. "तुझ्या घराला कोण नाव ठिवतंय?"

आता बोलायचं, सविता. एक वाक्य आहे. सहा-सात शब्दांचं. तीस वर्षं फळ्यावर दुसऱ्यांसाठी लिहिलंस, आज एकदा तोंडानं स्वतःसाठी बोल. मी कप खाली ठेवला. घसा खाकरला. समोर माझा मुलगा बसला होता, दहावीच्या निकालाला उभा होता त्याच जिन्यापासून दहा पावलांवर, आणि मला म्हणता आलं ते एवढंच:

"काकू, साखर थोडी कमी पडली का हो चहात?"

राहेलकाकू घाईघाईनं साखरेचा डबा आणायला उठल्या.

सार्थकनं खुर्ची जराशी मागं घेतली. आवाज खाली आणून, अगदी ह्या बिल्डिंगीत वाढलेल्या मुलाच्या आवाजात, त्यानं विचारलं, "आई, वैष्णवी काही बोलली का तुला?"

"तिचं नाव घेऊ नकोस!" मी एवढ्या जोरात म्हणाले की तात्याबा स्टुलावरून अर्धे उठले. "ती कधी एका शब्दानं बोललेली नाही."

"नाही बोलले," वैष्णवी म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. अपुऱ्या झोपेनं तिचे डोळे लाल झाले होते. तिनं पेन उचलून सार्थकच्या बोटांत परत दिलं आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली.

"मी बोलले नाही, कारण मी बोलले असते तर मी त्यांना हाकललं असं झालं असतं. आई बोलत नाहीत, कारण मला वाईट वाटेल. पप्पा बोलत नाहीत, कारण तू त्यांच्यासाठी खोली बांधलीस. म्हणून नाताळपासून आपण चौघं ह्या नकाशाच्या रंगावर बोलतोय." तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं, पण मी काही म्हणायच्या आत परत त्याच्याकडं वळली.

"सार्थक, आपण वाईट नाही, घरही वाईट नाही. पण त्यांना आपल्याकडं राहायचं नाहीये."